हॉन्टेड गोवा: भुतं बघायला गर्दी, संग्रहालयात शुकशुकाट. तुमचं मत काय?

कुळागरवाला (धागाकर्ता)

हल्ली गोव्यात रात्रीच्या 'हॉन्टेड टूर'चं पेव फुटलंय. यादी ठरलेली: कासावलीजवळचा तीन राजांच्या चर्चचा डोंगर, रायचा इगोर्चो बांध, साळगावचा वड, झालंच तर जुने गोवे. माझं मत सरळ आहे. हा इतिहास नव्हे, इतिहासाच्या नावाने चाललेला धंदा आहे, आणि देवस्थानांच्या आवारात तरी त्याला मज्जाव हवा.

तीन राजांचंच घ्या. टूरवाले सांगतात, तीन पोर्तुगीज राजे सत्तेसाठी भांडत होते. एकाने दोघांना जेवायला बोलावून विष घातलं, मग स्वतःही घेतलं, आता तिघेही तिथे फिरतात. अहो, पोर्तुगालचा एकही राजा गादीवर असताना गोव्यात आलेला नाही. 1895 मध्ये राजाचा भाऊ आला होता, तोही राणे घराण्याचं बंड मोडायला. इथे राज्य केलं ते व्हाइसरॉय आणि गव्हर्नरांनी. हे तीन राजे म्हणजे बाळ येशूला भेटायला आलेले बायबलमधले राजे. 6 जानेवारीला त्यांचं फेस्त, म्हणजे सण असतो. एवढं कुणी विचारलं तरी भूत पळेल.

आणि खरं बघण्यासारखं आहे ते कुणी बघत नाही. जुन्या गोव्यात बॉम जीझस चर्चच्या दारात माणसांचा पूर, रस्ता ओलांडून समोर पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय, तिथे चिटपाखरू नाही. तिथले कदंबकाळातले वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे स्मृतिदगड बघा. खालच्या पट्टीत लढाई, आणि ती जमिनीवरची नाही, नावेतली! वल्ही मारणारी माणसं, त्यांच्या वर शस्त्रं उगारलेले योद्धे, मग मेलेल्या वीराला घेऊन जाणाऱ्या अप्सरा, सगळ्यात वर शिवलिंगाची पूजा. पोर्तुगीज यायच्या आधी गोव्याला आरमार होतं याचा पुरावा दगडात कोरून ठेवलाय. पण त्यात भूत नाही ना!

सदाशिव_भटक्या

पुण्याहून लिहितोय, बाहेरचा म्हणून झापू नका. मी जुन्या गोव्यातल्या सेंट ऑगस्टिनच्या मनोऱ्याकडे गेलो तो 'तिथे रात्री घंटा ऐकू येते' असं ऐकून. घंटा नाही ऐकली, पण मनोरा बघून थक्क झालो. 46 मीटर उंचीचा, आणि 1842 मध्ये चर्चचं छत कोसळल्यावर मागे राहिलेला अर्धामुर्धा सांगाडा.

मग घरी येऊन वाचत बसलो आणि राणी केतेवान सापडली. जॉर्जियाची राणी, 1624 मध्ये शिराझला छळ करून मारलेली. ऑगस्टिनियन पाद्र्यांनी तिच्या अस्थी गोव्यात आणून याच मठात ठेवल्या. जुन्या पोर्तुगीज नोंदीत जागा दिली होती, दुसऱ्या खिडकीपाशी म्हणून. त्या नोंदीच्या आधाराने खणत गेले आणि 2004 मध्ये हाताचं हाड मिळालं. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेत डीएनए तपासला, आणि 2021 मध्ये अवशेष जॉर्जियाला दिले. ही गोष्ट मला भुताने दाखवली, तुमच्या संग्रहालयाने नव्हे.

संग्रहालयं ओस का पडतात? वीरगळाबद्दल तुम्ही जे चार ओळींत लिहिलंत ते तिथे दगडाशेजारी का लिहिलेलं नसतं? 'वीरगळ, अमुक शतक' एवढी चिठ्ठी लावायची, आणि लोक येत नाहीत म्हणून गळा काढायचा!

कासावलीची_सून

तुमची घंटा तुम्हाला लखलाभ. आम्ही त्या डोंगराच्या पायथ्याशी राहतो. रात्री एक वाजता भाड्याच्या गाड्या वर चढतात. हॉर्न, किंकाळ्या, सकाळी पायऱ्यांवर बाटल्या आणि चिप्सची पाकिटं. झाडायचं कुणी? आम्हीच.

फेस्ताला या एकदा. कासावली, आरोशी, कुएली, तीन गावांचे तीन मुलगे, डोक्यावर मुकुट, अंगात झगे, घोड्यावर बसून डोंगर चढतात. कुणाच्या पोराची पाळी आली की घरात वर्षभर तोच विषय. मी हिंदू घरातली, पण फेस्त चुकवत नाही. वरून एका बाजूला समुद्र दिसतो, एका बाजूला शेतं. पोरं भर उन्हात घोड्यावर हसत चढतात ती जागा 'भारतातलं सर्वात भयाण चर्च'? काहीतरीच.

तर्कट

भूत नसतं. धागा संपला.

निवृत्त_मास्तर

तर्कटबाब, इतक्या लवकर गाशा गुंडाळू नका.

कुळागरवाल्यांच्या म्हणण्यात मला एक खोट दिसते. त्यांनी सगळ्या अदृश्य गोष्टी एकाच पोत्यात भरल्या. गोव्यातल्या कुठल्याही वाड्यावर विचारा, देवचार आहे का. आहे म्हणतील. तो वेशीवर फिरतो, रात्री हातात काठी आणि दिवटी असते, वाट चुकलेल्याला घरी पोचवतो. त्याला कुणी बघायला जात नाही. वर्षाला रोट द्यायचा, विडी ठेवायची, नारळ ठेवायचा आणि मुकाट परत फिरायचं. तो राखणदार. त्याच्याशी गावाचा व्यवहार असतो, आणि गाव तो पाळतं. 2025 मध्ये पर्वरीला उड्डाणपुलासाठी खाप्रेश्वराचा वड उपटून हलवला तेव्हा माणसं रस्त्यावर उतरली ती काय भुतासाठी?

इगोर्च्या बांधाचंही तसंच. खाजन शेतीचा बांध म्हणजे एका बाजूला खारं पाणी, दुसऱ्या बाजूला भात, मध्ये पाणी अडवणारं-सोडणारं मानशीचं दार. भरतीच्या वेळी मानशीपाशी पाण्याला केवढी ओढ असते ते बघितलेल्याला ठाऊक. तिथलं भूत दुपारी दोन ते तीन निघतं म्हणे. मोठी माणसं जेवून आडवी होतात आणि पोरं सुटतात ती हीच वेळ. आमच्या आजीला संग्रहालय नव्हतं, फलक नव्हता. ती भूत सांगायची आणि पोरं बुडण्यापासून वाचायची. हा माझा तर्क आहे, पण टूरवाल्याच्या कथेपेक्षा बरा. तेव्हा गोष्टी बंद करू नका. रात्रीच्या गाड्या बंद करा.

कुळागरवाला

मास्तर, देवचाराबद्दल माझा शब्दही नाही, आमच्याही वेशीवर आहे. पण टूरवाला देवचाराचा रोट सांगत नाही, 'पांढऱ्या साडीतली बाई' सांगतो. ती बाई गोव्याची नाहीच, ती सिनेमातून आली.

सदाशिवराव, चिठ्ठ्यांबद्दल मान्य. राज्य संग्रहालयाची तर आणखी कथा, पणजीतली पाटोवरची इमारत सोडून सगळा संसार आदिलशहाच्या राजवाड्यात. पण म्हणून उपाय भूत? तुमच्यासारखा घरी जाऊन वाचणारा शंभरात एक. बाकीचे रील टाकतात आणि मोकळे होतात.

जुन्या_गोव्याचा_गाईड

आता पोटावर पाय येतोय म्हणून बोलतो. शंभरात एक वाचतो ना? मग तो एक मला पुरे.

हातकातरो खांब घ्या. काळ्या दगडाचा, मुळात देवळाचा, पोर्तुगीजांनी गुन्हेगारांना बांधायला उभा केला असं जाणकार म्हणतात. लोक म्हणतात, इथे इन्क्विझिशनने, म्हणजे पोर्तुगीजांच्या धर्मन्यायालयाने, हात तोडले. कागद कुठाय? मला नाही दाखवता येत. पण इन्क्विझिशन 1560 ते 1812, मधली काही वर्षं सोडली तर अडीचशे वर्षं चाललं. त्याचा वाडा से कॅथेड्रलजवळ होता, लोक त्याला 'ओर्लें घोर', म्हणजे मोठं घर म्हणायचे. तो पाडला. दप्तर बहुतेक नष्ट केलं. राहिलं काय? राज्य संग्रहालयातलं एक कोरीव टेबल आणि उंच पाठीच्या खुर्च्या. आणि हा खांब, रस्त्याच्या धुळीत.

ज्यांनी केलं त्यांनी कागद जाळले, ज्यांनी भोगलं त्यांच्याकडे गोष्ट उरली. मी ती 'लोक असं सांगतात' म्हणून सांगतो. ऐकताना माणूस गप्प होतो. मग मी त्याला टेबल बघायला पाठवतो. आधी टेबल दाखवलं तर तो म्हणतो, आमच्याकडे याहून भारी फर्निचर आहे. हे मी मनाचं सांगत नाही हो, खरंच म्हणतात!

तर्कट

म्हणजे पुरावा नसलेली गोष्ट पैसे घेऊन सांगता.

जुन्या_गोव्याचा_गाईड

पैसे चालण्याचे घेतो. गोष्ट फुकट.

वाडे_वालकिणी

आमचं गाव कुर्डी. साळावली धरणात गेलं. मे महिन्यात पाणी उतरलं की जोती, पायऱ्या, विहिरीची कडी वर येतात, सगळीकडे भेगाळलेला चिखल आणि माडांचे काळे बुंधे. त्या दिवसांत सोमेश्वराच्या देवळापाशी आम्ही जमतो, ख्रिश्चन शेजारी कपेलापाशी, म्हणजे छोट्या चर्चपाशी जमतात. महादेवाचं जुनं देऊळ पुरातत्त्व खात्याने दगडन् दगड सोडवून धरणाजवळ नेऊन उभं केलं, ते वाचलं. गायिका मोगूबाई कुर्डीकर याच गावच्या.

गेल्या उन्हाळ्यात ड्रोनवाले आले. व्हिडिओचं नाव 'पाण्यातून वर येणारं भुताचं गाव'. त्यात माझी आई दिसते, आमच्या जोत्यावर बसून शहाळं पिताना. खाली कुणीतरी लिहिलंय, 'ही म्हातारी खरी आहे का?'

गाईडबाब, तुमचा खांब तुम्ही सांगा, माझी हरकत नाही. त्याला सांगायला दुसरं कुणी उरलेलं नाही. आम्ही अजून आहोत. आम्हाला विचारा ना. तीन पावलांवर उभे होतो.

सदाशिव_भटक्या

हे वाचून तो व्हिडिओ शोधला आणि तक्रार नोंदवली. तरी माझा मुद्दा सोडत नाही. या आठवणी टिपून ठेवणारं छोटंसं का होईना संग्रहालय कुर्डीकरांसाठी कुणी केलंय का? नसेल, तर पुढच्या पिढीला सापडणार तो ड्रोनवाल्याचाच व्हिडिओ.

कासावलीची_सून

संग्रहालय होईल तेव्हा होवो. आधी पोलिसांनी डोंगराच्या वाटेवर रात्री गेट लावावं. पंचायतीत विषय घेतलाय, बघू.

सदाशिव_भटक्या

ताई, गेटाला माझा पाठिंबा. कुळागरवाले, पुढच्या महिन्यात येतोय. नावेचा वीरगळ बघायचाच आहे. संग्रहालयात वरच्या मजल्यावर की खाली?

कुळागरवाला

व्हाइसरॉयांची चित्रं वर, दगड खाली. शुक्रवारी जाऊ नका, बंद असतं. आणि गाईडबाबांच्या तावडीत सापडू नका, आधी खांबाकडे नेतील.

जुन्या_गोव्याचा_गाईड

नेणारच. वाटेवरच आहे.