रोपं नव्हे, बी पेरा

समुद्री गवत एकदा गेलं की गेलं, लावलेली रोपं लाटांत उपटून जातात, असं म्हटलं जातं. रोपांचं खरं आहे, पण असं म्हणताना बियांचा विचार कुणी करत नाही. अमेरिकेत व्हर्जिनियाच्या अटलांटिक किनाऱ्यालगतच्या उथळ खाड्यांतलं ईलग्रास हे समुद्री गवत रोगाने आणि १९३३च्या चक्रीवादळाने पार संपलं होतं. पाणी स्वच्छ होतं, पण बी येणार कुठून? ते पडतं तिथून फार लांब जातच नाही.

१९९९पासून शास्त्रज्ञांनी आणि स्वयंसेवकांनी वसंतात बी धरलेले तुरे खुडले, बिया टाक्यांत झडू दिल्या आणि शरद ऋतूत होडीतून पेरल्या. दोन दशकांत सात कोटींहून जास्त! पेरलं साधारण दोनशे हेक्टरांत, पसरलं साडेतीन हजारांवर. गढूळ पाण्यात मात्र हे जमणार नाही, गवताला ऊन लागतं.