विदर्भाच्या उन्हात परसबागेतील रुबार्ब टिकेल का?

प्रश्न (दारव्हा तालुका, यवतमाळ)
नमस्कार. माझी मुलगी इंग्लंडमध्ये यॉर्कशायर भागात राहते. तिच्याकडे रुबार्बच्या आंबट देठांचा साखरेत शिजवलेला मुरांबा खाल्ल्यापासून हे झाड आपल्या परसात असावे असे मनापासून वाटते. आमची जमीन काळी आहे, विहिरीला उन्हाळ्यातही पाणी असते आणि घरामागे कडुनिंबाची सावली आहे. तिच्याकडून गड्डा मागवून मृगात लावला, तर तो जगेल का?

उत्तर १ (वर्धा)
ताई, गड्डा मागवू नका. परदेशातून लागवडीचे साहित्य आणायला २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशानुसार परवाना आणि तिकडचे रोगमुक्ततेचे प्रमाणपत्र लागते. ते मिळाले तरी मूळ अडचण हवामानाची आहे. रुबार्ब हे थंड प्रदेशातील बहुवर्षायू झाड असून हिवाळ्यात काही आठवडे साधारण ५ अंशांखालची थंडी मिळाली, तरच त्याचा गड्डा विश्रांती घेऊन वसंतात जोमाने फुटतो. अशी सलग थंडी आपल्याकडे पडत नाही. शिवाय पारा ३२ अंशांच्या वर गेला की पाने माना टाकतात, मग मे महिन्यातील ४५ अंशांची गोष्टच नको. मृगातील लागवड तर सर्वांत वाईट, कारण काळ्या जमिनीत पाणी साचून गड्डा सडतो.

तरीही हौस असेल, तर त्याला हरभऱ्यासारखे रब्बीचे पीक समजून बियांपासून घ्यावे. सप्टेंबरअखेर बी काही तास भिजवून सावलीत रोपे तयार करावीत आणि चार-पाच पाने आल्यावर, शेणखत व रेती मिसळलेल्या उंच गादीवाफ्यावर दोन-दोन फुटांवर लावावीत. दुपारची सावली हवी, परंतु कडुनिंबाच्या बुडाशी मुळांची स्पर्धा होते, म्हणून थोडे अंतर ठेवावे. फेब्रुवारी ते मार्चच्या मध्यापर्यंत देठ मिळतील. ते बारीक आणि बहुधा हिरवेच असतील, पण आंबटपणा तोच. उन्हाळ्यात झाड वाचवण्याचा खटाटोप करू नये.

उत्तर २ (अचलपूर)
वरील सल्ला योग्य आहे, पण एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. रुबार्बचे फक्त देठ खातात, पाने विषारी असतात. आपण पालेभाजी खाणारी माणसे; एवढी रुंद, हिरवीगार पाने पाहून घरातील कुणीही ती डाळीत टाकेल. पहिल्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमध्ये भाजीची टंचाई असताना ही पाने खाण्याचा सल्ला दिला गेला आणि त्यातून विषबाधा झाल्या. पाने गुरांपुढेही टाकू नयेत.

आपला आंबट चुका रुबार्बच्याच कुळातील आहे. त्याची पाने आपण तुरीच्या डाळीत आणि शेंगदाणे घालून आवडीने खातो, आणि तो हिवाळ्यात परसात सहज येतो. माझ्या मते थोडी जागा रुबार्बला देऊन उरलेला वाफा चुक्याला द्यावा. मुरांब्यासाठी लाल अंबाडीची बोंडेही उत्तम. त्यांचा रंग रुबार्बच्या देठांहून गडद उतरतो.

प्रश्नकर्ती
आभारी आहे. यजमानांना मुतखड्याचा त्रास आहे. त्यांना देठ चालतील का?

उत्तर २ (अचलपूर)
देठांतही मुतखड्याला कारणीभूत ठरू शकणारे ऑक्झॅलिक आम्ल बरेच असते आणि चुक्यातही असते. त्यामुळे त्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय यांपैकी काहीही त्यांच्या ताटात वाढू नये.