कार्पेटला लाटा आल्यात, नी किकर आणून घरीच ताणता येईल का?

प्राजक्ता_एनजे

मंडळी, घरदुरुस्तीतल्या जाणकारांनो जरा मदत करा. आम्ही न्यू जर्सीत टाऊनहाऊस घेतलंय, वरच्या मजल्यावर सगळीकडे भिंत ते भिंत कार्पेट आहे, आधीच्या मालकांनी घर विकायला काढताना नवीन टाकून घेतलेलं. रंग वगैरे छान आहे पण मास्टर बेडरूमच्या मधोमध लांबच लांब लाटा आल्यात, उन्हाळ्यात दमट हवा असली की जास्तच फुगतात, हीटर सुरू झाला की जरा बसतात. मला एरवी चाललं असतं हो, पण सासूबाई येतायत सांगलीहून सहा महिन्यांसाठी, त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं आहे आणि रात्री उठून बाथरूमला जाताना पाय अडकला तर काय करायचं, ते टेन्शन.

एका कार्पेटवाल्याला फोन केला, त्याचा एका खोलीचा रेट ऐकून नवऱ्याने फोनच ठेवला. नवऱ्याचं म्हणणं, नी किकर नावाचं हत्यार मिळतं, गुडघ्याने दोन दणके द्यायचे की कार्पेट सपाट. व्हिडिओत तसंच दिसतं खरं. ऑनलाइन स्वस्तात आहेत. घेऊ का? खोली १२ बाय १५, कार्पेट मऊ कापलेल्या धाग्यांचं, खाली स्पंजसारखा पॅड आहे. कुणी केलंय का स्वतः?

धडाकेबाज_डॅलस

करा की बिनधास्त!! काही रॉकेट सायन्स नाही. मी आमच्या घरातल्या दोन बेडरूम नी किकरनेच केल्यात. कोपऱ्यातून कार्पेट पक्कडने उचकटायचं, किकरचे दात रुतवायचे, गुडघ्याने धक्का द्यायचा, पुढे आलेलं कार्पेट पट्टीवर दाबायचं आणि उरलेलं कापायचं. एका शनिवारचं काम आहे. कार्पेटवाले उगाच घाबरवतात, त्यांचं पोट आहे त्यावर.

रंधा_आणि_पटाशी

वरचं वाचून राहवलं नाही म्हणून लॉगिन केलं. मी ओहायोत फ्लोअरिंगच्या कामात काही वर्षं काढली आहेत, आता सोडलं, पण हे हत्यार हाताखालून भरपूर गेलंय.

प्राजक्ता, आधी एक गोष्ट. नी किकर हे खोली ताणायचं हत्यार नाही. ताणतं ते, पण भिंतीजवळचं दोन-तीन फूट, आणि तेही तुमचा धक्का असेपर्यंत. त्याचं खरं काम म्हणजे कार्पेट थोडं पुढे सरकवून कडेच्या पट्टीतल्या खिळ्यांवर अडकवणं. भिंतीच्या कडेने कार्पेटखाली प्लायवुडची इंचभर रुंद पट्टी असते, टॅक स्ट्रिप म्हणतात, तिच्यातले बारीक खिळे भिंतीकडे तिरके झुकलेले असतात, कार्पेट मागे जायला बघतं आणि खिळे त्याला धरून ठेवतात, सगळा खेळ त्या ताणावर आहे. खाटेची नवार ढिली बांधली की मधे झोळ येतो ना, तसंच इथे, कडेला कितीही घट्ट अडकवा, मधलं सैल असेल तर लाटा येणारच. तुमच्या लाटा खोलीच्या मधोमध आहेत यावरूनच मला वाटतंय की आधीच्या माणसाने नुसतं किकरवर काम उरकलं. घर विकायला काढताना टाकलेल्या कार्पेटचं असं फार होतं, फोटोपुरतं सपाट दिसलं की झालं.

खोली ताणायला लागतो पॉवर स्ट्रेचर. त्याला एका टोकाला दातांचं रुंद डोकं, मधे एकात एक जाणारे लांब पाइप, आणि शेपटीला पॅड लावलेला ठोकळा जो समोरच्या भिंतीला टेकतो. डोकं भिंतीपासून साधारण सहा इंचांवर रुतवायचं, लिव्हर खाली दाबायची, की अख्खं कार्पेट या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताणलं जातं आणि मुख्य म्हणजे लिव्हर लॉक होते, तुमचे दोन्ही हात मोकळे, आरामात खिळ्यांवर दाबून बसवा. किकरमध्ये हे नाही, दणका दिला की पुढच्या क्षणाला कार्पेट मागे यायला लागतं.

किती ताणायचं याचा पण हिशोब आहे. अमेरिकेत कार्पेट अँड रग इन्स्टिट्यूट म्हणून उद्योगाची संस्था आहे, जॉर्जियात डाल्टनला, जिथे या देशातलं बरंचसं कार्पेट बनतं. त्यांच्या नियमात घरातल्या नव्या कार्पेटला लांबी आणि रुंदी दोन्हीकडे १ ते १.५ टक्का ताण द्या असं आहे. तुमच्या १५ फुटांत तो पावणेदोन ते पावणेतीन इंच होतो आणि १२ फुटांत दीड ते दोन इंच. आता गुडघ्याने १५ फुटी कार्पेट अडीच इंच ताणून दाखवा मला!! होत नाही. त्याच नियमात स्पष्ट लिहिलंय की ताणायला पॉवर स्ट्रेचर वापरा, किकर फक्त जागेवर आणायला. बऱ्याच कंपन्यांच्या वॉरंटीतही ही अट असते, आधीच्या मालकांनी कागद दिले असतील तर बघून घ्या.

धडाकेबाज, तुमच्या बेडरूम लहान असतील आणि कार्पेट आधीच बऱ्यापैकी ताणलेलं असेल तर चालून गेलं असेल, नाही म्हणत नाही. दोन उन्हाळे जाऊ दे मग सांगा.

धडाकेबाज_डॅलस

दोन उन्हाळे झालेत साहेब, डॅलसचे उन्हाळे 😎 अजून तरी ठीक आहे. पण हा पॉवर स्ट्रेचर विकत घ्यायचा म्हणजे किती महाग, एका खोलीसाठी?

रंधा_आणि_पटाशी

विकत कोण सांगतंय. होम डेपो या घरदुरुस्तीच्या सामानाच्या दुकानात भाड्याच्या काउंटरवर मिळतो, पेटीत पाइपांसकट, किकर पण तिथेच मिळतो. दिवसाच्या भाड्यावर घ्या, दोघं जण लागा, काम करा, परत द्या.

मीनल_फिजिओ

मी बॉस्टनजवळ फिजिओथेरपिस्ट आहे, कार्पेटमधलं शून्य कळतं, पण गुडघ्याबद्दल बोलणं भाग आहे. हे हत्यार आमच्या पुस्तकात आहे बरं का! ‘कार्पेट लेयर्स नी’, म्हणजे कार्पेट बसवणाऱ्यांचा गुडघा, असं दुखण्याला नावच पडलंय, गुडघ्याच्या वाटीपाशी जी पाण्याची पिशवी असते ती सुजते, बर्सायटिस. नायॉश ही इथली सरकारी संस्था, कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करते, त्यांनी १९९० साली खास कार्पेट बसवणाऱ्यांसाठी इशारा काढला होता. त्यात आकडा होता की हे लोक देशातल्या कामगारांच्या ०.०६ टक्क्यांहून कमी, पण गुडघ्याला इजा झाली म्हणून नुकसानभरपाई मागणाऱ्या दाव्यांत त्यांचा वाटा ६.२ टक्के. प्रत्येक दणक्याला गुडघ्यावर येणारा जोर शरीराच्या वजनाच्या चौपटीपर्यंत जाऊ शकतो, आणि हे लोक ते दिवसभर करतात, वर सगळा वेळ गुडघे टेकून बसणं आलंच. त्या इशाऱ्यातही उपाय तोच सांगितलाय, जमेल तिथे पॉवर स्ट्रेचर वापरा आणि गुडघ्याला पॅड बांधा.

एका खोलीने कुणाचा गुडघा जात नाही, घाबरू नका. पण नवरोबांचं आधीच लिगामेंट वगैरे दुखत असेल तर दणके देऊ नका म्हणावं. सासूबाईंचा गुडघा वाचवताना घरात दुसरा पेशंट नको.

रंधा_आणि_पटाशी

मीनलताई, बरोब्बर. आमच्या बरोबरचे जुने लोक पन्नाशीत जिना उतरताना कठडा धरून उतरायचे. आणि नवखे लोक तर वाटीनेच मारतात. दणका वाटीच्या वर, मांडीच्या स्नायूने द्यायचा, हाताने किकरचं डोकं घट्ट खाली दाबून ठेवायचं, आणि जोर लावण्यापेक्षा किकर नीट पकडलाय का ते बघायचं, नाहीतर तो सटकतो आणि कार्पेटचे धागे ओरबाडतो.

स्लाव_स्लाव_स्लाउ

लंडनजवळून सलाम. आमच्याकडेही हाच प्रकार, पट्टीला इथे ग्रिपर म्हणतात. इथल्या जुन्या घरांत खोल्या एवढ्याशा असतात की फिटर बहुतेक वेळा किकरवरच भागवतात, पॉवर स्ट्रेचर माझ्या घरी तरी कुणी आणलेला बघितला नाही. मोठ्या खोलीत मात्र आमच्याही लाटा आल्याच. 😅

पुण्याचा_पाहुणा

आम्ही लकी आहोत राव, फरशी पुसली की विषय संपला. ऑफिसात कार्पेट आहे पण ते गमने चिकटवलेले चौकोनी तुकडे, एक खराब झाला की तेवढाच काढतात. आणि लग्नाच्या हॉलमध्ये मंडपवाला दोन पोरं उभी करतो, ओढतो आणि सेलोटेप मारतो, पॉवर स्ट्रेचर म्हणजे तीच दोन पोरं 😂

प्राजक्ता_एनजे

बापरे केवढी माहिती, थँक यू सगळ्यांना! नवऱ्याला मीनलचं पोस्ट वाचून दाखवलं, तो फुटबॉल खेळायचा त्यामुळे गुडघा मुळात बेताचाच, आता पॉवर स्ट्रेचर भाड्याने आणायचं ठरलंय. रंधा, दोन शंका. तो ठोकळा समोरच्या भिंतीला टेकवायचा म्हणता, आमच्या भिंती ड्रायवॉलच्या, म्हणजे आतून पोकळ, वरून जिप्समचे पातळ बोर्ड, भोक नाही ना पडणार? आणि पूर्ण खोलीचं कार्पेट उचकटायचं का? पलंग केवढा जड आहे.

रंधा_आणि_पटाशी

भोक पडू शकतं, म्हणून ठोकळा थेट भिंतीला टेकवायचाच नाही. दोन बाय चार इंची लाकडी फळी घ्या, चांगली लांब, निदान तीन-चार फूट, ती बेसबोर्डला, म्हणजे भिंतीच्या तळाशी असलेल्या लाकडी पट्टीला, आडवी लावा आणि ठोकळा फळीवर टेकवा, म्हणजे जोर आतल्या दोन-तीन खांबांवर वाटला जातो. फळीला जुना टॉवेल गुंडाळा, बेसबोर्डचा रंग जाणार नाही.

पूर्ण उचकटायची गरज नाही. एकमेकांना लागून असलेल्या दोन भिंतींच्या कडा सोडवा, समोरच्या दोन तशाच पट्टीवर अडकलेल्या राहू द्या, ताण त्यांच्यापासून द्यायचा असतो. पण खोली मात्र रिकामी हवी, पलंग कार्पेटवर ठेवून ताणलं तर पलंगाच्या अलीकडचं तेवढं ताणलं जाईल आणि पलीकडे लाट तशीच. पलंग सुटा करून बाहेर काढा, कंटाळा करू नका.

कडा उचलल्यावर खाली काय आहे ते नीट बघा, मला तर हाच भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पॅड भुगा झालाय का, पट्टी सडलीय का किंवा हलतेय का. पट्टी हलत असेल तर ताणण्याआधी नवीन ठोका, नाहीतर तुम्ही ताणाल आणि पट्टीच उखडून हातात येईल. पॅड खूप जाड आणि मऊ असला तरी लाटा येतात, कारण पाय पडला की कार्पेट खाली दबतं, पुन्हा वर येतं, असं होत होत सैल पडतं, साधारण ७/१६ इंचाहून जाड पॅड नको असं म्हणतात. आणि कार्पेटची मागची बाजू हाताने चोळून बघा, दोन थर सुटे झालेले वाटले किंवा पांढरी पावडर पडत असेल तर ते थर चिकटवणारं लॅटेक्स गेलंय, मग कितीही ताणा, काही महिन्यांत पुन्हा लाटा येतील, पैसे नव्या कार्पेटसाठी ठेवा. तुमचं नवीन आहे म्हणता, तेव्हा हे नसावं, पण कुणी शाम्पू करताना पाण्याचा पूर आणला असेल तर नवीनही बिघडतं. घर १९८० च्या आधीचं असेल आणि खाली नऊ इंची जुन्या टाइल दिसल्या तर त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं, त्यावर खिळे ठोकू नका, आधी तपासून घ्या.

हीटर लावून खोली आदल्या दिवसापासून गरम ठेवा, गार कार्पेट ताठर असतं, ऐकत नाही. आधी लांबीचा ताण, मग रुंदीचा. खोलीत कुठे जोड असेल तर डोकं जोडावर ठेवू नका, जोड उघडेल. ताणून पट्टीवर बसलं की जास्तीचं कापायचं, पण एकदम भिंतीलगत नाही, थोडं शिल्लक ठेवून, आणि ती कड पट्टी आणि भिंतीच्या मधल्या फटीत खुपसायची. त्याला बोथट रुंद छिन्नीसारखं हत्यार असतं, स्टेअर टूल, स्वस्त आहे, ते विकतच घ्या.

प्राजक्ता_एनजे

सगळं कॉपी करून ठेवलंय. पलंगासाठी शेजारच्या पटेलांना बोलावते. म्हणजे नी किकर भाड्याने नाही आणला तरी चालेल ना?

रंधा_आणि_पटाशी

आणा, आणा. क्लोजेटच्या, म्हणजे भिंतीतल्या कपाटाच्या, आत पॉवर स्ट्रेचर मावत नाही, दाराच्या कोपऱ्यात पण नाही, तिथे किकरच लागतो. आणि जिना सैल असेल तर तोही किकरनेच होतो, पायरीच्या मध्यापासून सुरू करून कडेला जायचं, कार्पेट मागच्या खाचेत ढकलायचं आणि स्टेअर टूलने ठोकून बसवायचं. दात किती बाहेर काढायचे याची चकती डोक्यावर असते, भाड्याचा किकर आला की आधी ती बघा, मागचा माणूस काय सेट करून गेलाय सांगता येत नाही. दात कार्पेटची मागची जाळी पकडतील एवढेच हवेत, पॅडमध्ये घुसले की पॅड फाटतो. क्लोजेटच्या कोपऱ्यात एकदा करून बघा, तिथे काही झालं तरी कुणाला दिसत नाही.

मीनल_फिजिओ

जिन्याचं कार्पेट सैल असेल तर ते आधी करा, बेडरूम नंतर. सासूबाईंना जास्त धोका तिथेच आहे.

प्राजक्ता_एनजे

आत्ताच जाऊन पाय दाबून बघितलं, वरून तिसरी पायरी सरकतेय. शनिवारी तिच्यापासूनच सुरुवात.