संगणक दुरुस्तीला देण्यापूर्वी आपल्या फायलींची काय सोय केली? (अनुभव धागा)

वळवाच्या पावसात विजा कडाडून गेल्या की मराठवाड्यातल्या दुरुस्तीच्या दुकानांत संगणकांची रांग लागते. जळालेला असतो एखादा एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा भाग), परंतु आपण काउंटरवर ठेवून येतो ते घरचे फोटो, आधारच्या प्रती आणि बँकेचे उतारे यांसह सगळे यंत्र. आपले काय बिघडले होते, फायली कुठे हलवल्या आणि पासवर्ड दिला की नाही, हे सविस्तर लिहावे. दुकानांची नावे कृपया देऊ नयेत.

लातूर, आडत दुकानातील हिशेबनीस

कोणत्या शेतकऱ्याने किती उचल घेतली आणि कोणाच्या सोयाबीनची पट्टी द्यायची राहिली, हे सगळे आमच्याकडे टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये असते. मोंढ्यात ही माहिती शेजारच्या गाळ्यात गेली तरी नुकसान होते. संगणक आपोआप बंद पडू लागला, तेव्हा टॅलीचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घेतला, तो दुसऱ्या संगणकावर उघडून खात्यांच्या अखेरच्या शिल्लक रकमा जुळवून पाहिल्या आणि त्यानंतरच मूळ डेटा काढला. टॅलीतील आमच्या कंपनीला टॅली व्हॉल्टचा, म्हणजे हिशेब कुलूपबंद करणारा, पासवर्ड आहे, त्यामुळे कंपन्यांच्या यादीत नावाच्या जागी नुसत्या चांदण्या दिसतात. मात्र तो पासवर्ड विसरल्यास हिशेब आपल्यालाही उघडता येत नाही. खरी गफलत वेगळीच असते: व्हॉल्ट लावण्यापूर्वीचे बॅकअप डी ड्राइव्हवर आणि शेठजींनी मागितलेल्या एक्सेलच्या याद्या डेस्कटॉपवर उघड्याच पडलेल्या असतात. सर्वांत जास्त वेळ त्या शोधण्यातच गेला.

परभणी, संगणक दुरुस्ती करणारा

दुकानाच्या आतल्या बाजूने लिहितो. विंडोजला पासवर्ड आहे म्हणून ग्राहक निर्धास्त असतात. पण डिस्क काढून माझ्या संगणकाला जोडली की, ती एन्क्रिप्ट केलेली (म्हणजे माहिती सांकेतिक रूपात कुलूपबंद केलेली) नसल्यास, त्या पासवर्डचा काहीही संबंध उरत नाही आणि सर्व फोल्डर समोर उघडतात. कीबोर्ड, स्क्रीन, बिजागरी किंवा चार्जिंगचा जॅक बदलायचा असेल तर मला आपला पासवर्डही नको आणि आपली डिस्कही नको. ती माझ्यासमोर काढून घरी न्यावी. मी माझ्या पेनड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू करून काम तपासतो. वॉरंटी शिल्लक असेल तर मात्र झाकण उघडण्यापूर्वी कंपनीला विचारावे.

विंडोजमध्येच बिघाड असेल तर खात्यात जाणे भाग असते. काही जण त्यासाठी वेगळे खाते उघडून देतात आणि त्यालाच ॲडमिनचे, म्हणजे संपूर्ण संगणकाचे, अधिकार देऊन ठेवतात; तसे असल्यास दुसऱ्याच्या फोल्डरवर ‘कंटिन्यू’ दाबले की आत जाता येते. डिस्क यंत्रातच ठेवायची असेल तर तिच्यावरील लेबलाचा, म्हणजे अनुक्रमांकाचा, फोटो काढून तो क्रमांक पावतीवर लिहून घ्यावा. जो दुकानदार याला नाराज होईल, त्याच्याकडे यंत्र न ठेवलेलेच बरे.

हिंगोली, जिल्हा परिषद शाळेतील शिक्षिका

माझ्या लॅपटॉपमध्ये मुलांचे आधार क्रमांक, जातीचे दाखले आणि शिष्यवृत्तीची बँक खाती होती. विंडोज ११ मध्ये एन्क्रिप्शन आधीपासूनच चालू असल्याचे सेटिंग्जमध्ये दिसले, म्हणून मायक्रोसॉफ्टच्या खात्यातून ४८ अंकी रिकव्हरी की (कुलूप उघडण्याचा क्रमांक) डायरीत उतरवून घेतली. हे अंक सहा-सहाच्या आठ गटांत असतात. मदरबोर्ड (मुख्य बोर्ड) बदलल्यावर निळ्या पडद्याने तीच की मागितली. तंत्रज्ञ दादा ती फोनवर सांगा म्हणत होते, परंतु मी दुरुस्ती केंद्रात जाऊन स्वतः टाकली. हे संरक्षण यंत्र बंद असेपर्यंतचे आहे; पासवर्ड दिला की एन्क्रिप्शन असून नसून सारखेच.

नांदेड, वसतिगृहातील विद्यार्थिनी

फायली हलवल्या तरी क्रोममधील साठवलेले पासवर्ड आणि सुरू असलेले जीमेल तसेच राहतात. लॅपटॉप सुरूच होत नव्हता, म्हणून फोनवरून व्हॉट्सॲपच्या ‘लिंक्ड डिव्हायसेस’मध्ये जाऊन तो काढला आणि गुगल खात्यातूनही साइन आउट केला.

छत्रपती संभाजीनगर, वकील

परवानगीशिवाय संगणकातील माहिती उतरवून घेणे माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ मध्ये येते आणि ते अप्रामाणिकपणे केल्यास कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. तरीही पक्षकारांची कागदपत्रे मी कायद्याच्या भरवशावर सोडत नाही, कारण नक्कल केल्याची खूण मूळ फायलीवर दिसत नाही. कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठाच्या संशोधकांनी केवळ आवाजाचा ड्रायव्हर (आवाज चालवणारे सॉफ्टवेअर) बंद केलेले लॅपटॉप १६ ठिकाणी दुरुस्तीला दिले होते. त्यांपैकी सहा ठिकाणी खाजगी फायली चाळल्या गेल्या आणि दोन ठिकाणी त्या बाहेरच्या साधनावर उतरवल्याही गेल्या. माझी कागदपत्रे आता व्हेराक्रिप्ट या एन्क्रिप्शनच्या सॉफ्टवेअरने केलेल्या कुलूपबंद फाइलमध्ये असतात.

अंबाजोगाई, लग्नसमारंभांचे छायाचित्रकार

लोकांच्या लेकीसुनांचे फोटो आमच्याकडे असतात. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवरून फोटो डिलीट करून आणि रिसायकल बिन रिकामा करूनही रिकव्हरीच्या सॉफ्टवेअरने ते परत मिळतात. क्विक फॉरमॅटनेही मूळ माहिती पुसली जात नाही. त्यामुळे फोटो हलवल्यावर मी विंडोजमधील ‘सायफर’ कमांडने रिकामी जागा पुन्हा लिहून काढतो. रात्रभर चालते, चालू द्यावे.

जालना, औषध दुकानदार

परभणीकर भाऊ, माझ्या लॅपटॉपची साठवण बोर्डावरच बसवलेली आहे, काढता येत नाही. स्क्रीनही फुटली आहे. काय करावे?

परभणी, संगणक दुरुस्ती करणारा

काका, नुसती स्क्रीनच गेली असेल तर घरच्या टीव्हीला एचडीएमआय केबलने जोडा, चित्र दिसेल. फायली बाहेरच्या डिस्कवर घ्या, त्या तिथे उघडतात का ते पाहा, लॅपटॉपवरच्या काढून टाका आणि मगच तो दुकानात न्या. पुढेमागे बोर्डच बदलावा लागला तर माहिती जुन्या बोर्डासोबत जाते, म्हणून तो परत मिळणार का, हे काम सुरू होण्यापूर्वी विचारून घ्या.