ताकामात्सुची सावल्यांची चित्रं: यात कन्सेप्च्युअल काय?

कॅनव्हासवेडी: जिरो ताकामात्सु या जपानी चित्रकाराने १९६४ पासून काढलेल्या सावल्या बघतेय दोन दिवस. पांढराशुभ्र कॅनव्हास, त्यावर करड्या रंगात कुणाची तरी सावली, आणि माणूस कुठेच नाही. डोक्यातून जातच नाहीये. पण सावली तर हुबेहूब काढलीय, मग हे रिअलिस्टिक पेंटिंगच झालं ना, याला कन्सेप्च्युअल, म्हणजे दिसण्यापेक्षा मागच्या कल्पनेला महत्त्व देणारं, का म्हणतात? कोणीतरी नीट सांगा.

करडी_रेघ: सावली म्हटलं की आपल्याला झाडाखालचा गारवा पण आठवतो, हा रंगवतो ती पडछाया. ती पडायला उजेडाच्या आड कोणीतरी उभं असावं लागतं आणि नेमकं त्यालाच याने चित्रातून काढून टाकलंय. हुबेहूब आहे म्हणूनच ते नसणं जाणवतं, ढोबळ काढली असती तर नुसता डाग वाटला असता. काही चित्रांत तर त्याने खरा हुक लावलाय, म्हणजे हुकाची एक सावली रंगवलेली आणि दुसरी खोलीतल्या दिव्याची, खरी कुठली ते बघताना मी स्वतः गोंधळलेय.

उजेडवाट: मला हिरोशिमा आठवतं. अणुबॉम्ब पडला तेव्हा बँकेच्या दगडी पायरीवर उरलेली माणसाची सावली, ती पायरी आता तिथल्या पीस मेमोरियल म्युझियममध्ये आहे. त्या देशात १९६४ साली कोणी नुसत्या सावल्या काढतो तेव्हा हे मनात येणारच.

करडी_रेघ: @उजेडवाट येणारच, पण तेवढ्यावर थांबू नका. १९९८ मध्ये गेला तोपर्यंत तो सावल्या काढत होता, आणि त्यात लहान बाळाच्याही आहेत. बाळाच्या सावलीत मला गेलेलं माणूस नाही दिसत, अजून यायचं असलेलं दिसतं. जपानीत सावलीला 'कागे' म्हणतात आणि 'त्सुकिकागे' म्हणजे चक्क चांदणं, एकाच शब्दात अंधार पण आणि उजेड पण! कॅनव्हासवेडी, बाळाचं चित्र झूम करून बघ, एका बाळाच्या दोन सावल्या आहेत, एकमेकींवर चढतात तिथेच गडद.

कॅनव्हासवेडी: बघितलं! मग दोन दिवे लावून भिंतीसमोर हात धरला, अगदी तस्सं होतं, दोन फिकट हात आणि मध्ये एक काळसर पट्टा. म्हणजे दिवे पण चित्राबाहेर, बाळ पण बाहेर, आणि मी उभी आहे नेमकी त्या दोघांच्या जागेवर. आता परत पहिल्यापासून सगळी बघते.