मदत हवी आहे: गर्प्समध्येच राहू की सॅव्हेज वर्ल्ड्सकडे वळू?

नमस्कार मंडळी. आम्ही पाच जण टेबलाभोवती बसून भूमिका-खेळ (आरपीजी) खेळतो; गर्प्स आणि सॅव्हेज वर्ल्ड्स हे अशा खेळांचे नियमसंच. गेम मास्टर, म्हणजे गोष्ट नि नियम सांभाळायचं काम, माझ्याकडे. सध्याची मोहीम काळ ओलांडणारी आहे: आज तलवारी, पुढच्या भागात अंतराळयान. म्हणून कुठल्याही जगाला चालणारी गर्प्सची चौथी आवृत्ती (२००४) घेतली.

तीन फासे टाकायचे, बेरीज कौशल्याच्या आकड्याइतकी किंवा कमी आली की जमलं, हे सगळ्यांना लगेच कळलं. कौशल्य १० असेल तर शक्यता निम्मी, १४ असेल तर साधारण ९१ टक्के. एका खेळाडूने एकाक्ष, कर्जबाजारी वैद्य बनवला, आणि त्या उणिवांचे गुण (पॉइंट) परत मिळवून शस्त्रक्रियेत ओतले. असं पात्र योद्धा, जादूगार अशा ठरावीक 'क्लास'च्या साच्यात कुठलं बसायला!

घोडं अडतं ते लढाईत. एक पाळी म्हणजे एक सेकंद. वार लागला का, समोरच्याने चुकवला का, मग इजा, त्यातून चिलखत वजा. परवा जिन्यावरची सहा जणांची झटापट दोन तास चालली. खेळात गेले अकरा सेकंद! वैद्यबुवा तोवर मोबाईलमध्ये.

नेमबाजीचे बारीक नियम मी आधीच गाळलेत (कुणाला चुकल्यासारखंही वाटलं नाही). आता अजून काय काढलं तर पात्रांची ही मोकळीक टिकेल? की सरळ सॅव्हेज वर्ल्ड्स घ्यावं? तिथे लढाई झटपट उरकते म्हणतात, पण आमच्या वैद्याचं वेगळेपण तिथे सपाट होईल अशी धास्ती आहे. दोन्ही चालवलेल्यांनी सांगा ना.