साठीनंतर सामान बांधून मोटारसायकलचा लांबचा प्रवास: अडचण वयाची की ओझ्याची?

सागरवाट (धागा)

साठी ओलांडलेल्या माणसाने मोटारसायकलला सामान बांधून लांबच्या प्रवासाला निघावे का, या प्रश्नाचे उत्तर बहुतेक घरांत वयाचा आकडा विचारूनच दिले जाते. कायद्याने दुचाकी चालवण्यास वयाची वरची मर्यादा घातलेली नाही. पंचावन्न वर्षांनंतर परवान्याचे नूतनीकरण दर पाच वर्षांनी करावे लागते आणि वैद्यकीय प्रमाणपत्र जोडावे लागते. माझे मत असे की, ज्येष्ठ स्वाराने आधी आपले सामान तपासावे. ते किती आहे, कोणत्या उंचीवर बांधले आहे आणि त्यामुळे गाडीवर टांग टाकणे, गाडी थांबवणे व थांबलेली गाडी सावरणे किती अवघड झाले आहे, यावर जायचे की नाही ते ठरवावे.

चालत्या गाडीचा तोल चाके आणि हँडल मिळून सांभाळतात. वेग पार उतरला की तो स्वाराच्या पायांवर येतो. रॉयल एनफील्डच्या जुन्या ४११ सीसी हिमालयन मोटारसायकलचे वजन १९९ किलो आणि सीटची उंची ८०० मिलिमीटर होती. नव्या ४५० सीसी हिमालयनची सीट ८२५ मिलिमीटरपासून सुरू होते. अशा गाडीच्या मागच्या सीटवर उंच पिशवी बांधली की दोन गोष्टी घडतात. गाडी थोडी कलली तरी ती सावरण्यापलीकडे जाते, आणि कंबर किंवा गुडघा आखडलेल्या माणसाला पाय पिशवीवरून पलीकडे नेता येत नाही. मग तो डाव्या फुटरेस्टवर उभा राहून चढतो आणि सगळा भार साइड स्टँडवर येतो. खाली भुसभुशीत माती असेल तर स्टँड रुतून गाडी आडवी होते.

हे सर्वांत स्पष्ट दिसते ते कोकणच्या सागरी मार्गावर. मुरूडकडून गणपतीपुळ्याला खाडी ओलांडत जायचे तर आगरदांडा–दिघी, बागमांडला–वेसवी, दाभोळ–धोपावे आणि तवसाळ–जयगड अशा चार ठिकाणी जंगल जेटीत, म्हणजे वाहने पलीकडे नेणाऱ्या बोटीत, गाडी चढवावी आणि उतरवावी लागते. ओहोटीला धक्क्याचा ओला, शेवाळलेला उतार उघडा पडतो, पुढे लोखंडी फळीचा सांधा असतो, मागून मोटारी हॉर्न वाजवत असतात, आणि या सगळ्यात पाय टेकवत दीड-दोनशे किलोंची गाडी सरकवायची असते. घाटातल्या वळणांपेक्षा मला या चार धक्क्यांची काळजी अधिक वाटते. म्हणून माझा नियम असा आहे: दोन्ही बाजूंना कापडी सॅडल बॅगा, त्याही मागच्या चाकाच्या आसाच्या पुढे आणि शक्य तितक्या खाली, सीटच्या वर काहीही नाही, एकूण सामान पंधरा किलोंच्या आत. एवढे पाळणाऱ्या सत्तरीच्या स्वाराला मी घरी बसा असे सांगणार नाही.

नाडी (प्रतिसाद)

वजनाविषयीचे आपले विवेचन मला मान्य आहे, परंतु निष्कर्ष मान्य नाही. आपण वय बाजूला ठेवले आहे, आणि नेमके तेच बाजूला ठेवता येत नाही. वाढत्या वयात डोळ्याचे भिंग पिवळसर होते आणि मोतीबिंदूची सुरुवात असेल तर समोरून येणाऱ्या दिव्यांनी डोळे दिपून रस्त्यावरची खडी दिसेनाशी होते. अनेक वर्षांच्या मधुमेहाने तळपायाची संवेदना मंदावते, तेव्हा मागचा ब्रेक किती दाबला गेला हे पायाला नीट कळत नाही. म्हातारपणी तहान कमी लागते, त्यामुळे एप्रिलच्या उन्हात जॅकेट घालून चालवणाऱ्याच्या शरीरातले पाणी त्याला न जाणवता घटत जाते.

सर्वांत गंभीर मुद्दा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचा आहे. हृदयाच्या ठोक्यांतील अनियमिततेसाठी किंवा कृत्रिम झडपेमुळे या गोळ्या घेणाऱ्या माणसाला डोक्यावर आपटल्यानंतर अंतर्गत रक्तस्राव होण्याचा धोका अधिक असतो, आणि तो काही तासांनंतरही उघड होऊ शकतो. गाडी थांबलेली असताना पडली तरी हे घडू शकते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांत दुचाकीवरच्यांचा वाटा सुमारे ४४ टक्के होता. या आकड्यांकडे पाहिल्यावर पंधरा किलो की पंचवीस किलो हा विचार मला दुय्यम वाटतो. ज्याला अशा गोळ्या सुरू आहेत, त्याने एकट्याने सामानासह दूरच्या प्रवासाला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

सागरवाट

आपण सांगितलेले सारे खरे आहे आणि सूर्यास्तानंतर चालवायचे नाही, हे मी कोणत्याही ज्येष्ठ स्वाराला हात जोडून सांगेन. तथापि, मंदावलेली नजर आणि बधिर तळपाय ही कारणे भाजी आणायला निघालेल्या रिकाम्या गाडीलाही तितकीच लागू पडतात. त्या कारणांनी थांबायचे असेल तर दुचाकी पूर्णपणे सोडावी लागेल, आणि ज्याच्या बाबतीत ती वेळ आली आहे त्याने ती सोडावीच. माझा प्रश्न त्यांच्यासाठी आहे, ज्यांना डॉक्टरांनी चालवण्याची परवानगी दिली आहे आणि तरीही सामानामुळे जे पडतात. आपलाच मुद्दा पुढे नेला तर असे दिसते की, थांबलेली गाडी पडणे जर इतके घातक असेल, तर ती कशामुळे पडते हे तपासणे दुय्यम कसे ठरेल?

उत्तुंग (प्रतिसाद)

सागरवाट काका, मी वयाने बराच लहान आहे, पण वडिलांसोबत अनेकदा प्रवास केल्यामुळे हे लिहितो. तुमचा कापडी पिशव्यांचा आग्रह मला ज्येष्ठांसाठी गैरसोयीचा वाटतो. संधिवाताने बोटे दुखत असलेल्या माणसाने रोज संध्याकाळी पट्टे सोडायचे, पिशव्या लॉजच्या दुसऱ्या मजल्यावर न्यायच्या, सकाळी पुन्हा ताणून बांधायच्या आणि पावसाळ्यात वरून रेनकव्हर चढवायचे, यात जी शक्ती जाते तिचा हिशेब तुमच्या पंधरा किलोंत नाही. गाडीच्या बाजूला बसवलेला ॲल्युमिनियमचा डबा किल्लीने उघडतो आणि आतली पिशवी तेवढी उचलायची असते. गाडी आडवी झालीच, तर डब्यांमुळे ती पूर्ण लोळत नाही; पाय सुटायला जागा राहते आणि गाडी अर्ध्यातूनच उचलायची असल्याने जोर कमी लागतो.

शिवाय आई मागे बसते तेव्हा टॉप बॉक्स, म्हणजे सीटच्या मागे बसवलेला डबा, तिच्या पाठीला टेका देतो. पंधरा किलोंत दोन माणसांची औषधे, रेनकोट, पंक्चरचे साहित्य आणि कपडे बसवून दाखवावेत, अशी माझी नम्र विनंती आहे.

सागरवाट

उत्तुंग, पट्ट्यांचा मुद्दा मी मान्य करतो. बोटांच्या दुखण्याचा विचार व्हायलाच हवा. पण डब्यांची दुसरी बाजूही पाहा. गाडी हळू चालत असताना पाय टेकवला आणि गाडी पुढे सरकत राहिली, तर डब्याची कड मागून पोटरीवर येते. धक्क्यावर आणि खडबडीत रस्त्यावर ज्येष्ठ माणूस पाय टेकवतोच, आणि ठिसूळ झालेल्या हाडांना तो आघात सोसत नाही. दोन डबे आणि त्यांची चौकट रिकामीच दहा किलोंच्या आसपास भरते, म्हणजे काही भरण्याआधीच माझ्या मर्यादेतला मोठा वाटा संपतो. टॉप बॉक्सला माझा विरोध यासाठी आहे की तो मागच्या आसाच्याही मागे आणि उंच असतो. त्यातल्या वजनाने पुढचे चाक हलके होते, आणि वेगात किंवा आडव्या वाऱ्यात हँडल अस्थिर वाटू लागते. आईंना टेका हवा असेल तर तो बॉक्स ठेवावा, पण त्यात रेनकोट आणि कपडे यांपलीकडे काही भरू नये; पाण्याच्या बाटल्या आणि हत्यारे खालीच असावीत. दोघे बसणार असाल तर मागच्या शॉकअपचा ताण वाढवून घ्या आणि चाकातली हवा गाडीच्या पुस्तिकेत दोन माणसांसाठी दिली आहे तितकी ठेवा. अनेक जण नेमके हेच विसरतात आणि दोष वयाला देतात.

मंदगती (प्रतिसाद)

आपण सर्व जण उंच गाड्यांभोवतीच का फिरत आहात, हे मला समजत नाही. ॲक्टिव्हासारख्या स्कूटरचे वजन सुमारे १०६ किलो असते, टांग टाकावी लागत नाही आणि सामान पायांपाशी, अगदी खाली राहते. सागरवाट यांचा तर्क शेवटपर्यंत नेला तर उत्तर स्कूटर हेच येते.

उत्तुंग

शहरात नक्कीच. पण तिचे पुढचे चाक १२ इंची आणि मागचे १० इंची असते, तर हिमालयनचे पुढचे २१ इंची. पावसाळ्यानंतरच्या खड्ड्यांत हा फरक मनगटांना आणि मणक्याला कळतो. पायांपाशी बॅग ठेवली की पाय बाहेर लोंबकळतात, तेही धोक्याचेच आहे. मधला मार्ग हवा असेल तर ७६५ मिलिमीटर उंच सीटची रॉयल एनफील्डचीच मिटिऑर आहे, फक्त तिचे वजन १९१ किलो असल्याने धक्क्यावर ती हलकी वाटणार नाही.

सागरवाट

मग वय आणि ओझे यांचा वाद एका परीक्षेवर सोपवू या. निघण्याच्या आदल्या दिवशी सगळे सामान बांधावे, गाडी हलक्या चढावर न्यावी, इंजिन बंद करून उतरावे आणि ती हाताने ढकलत उलट दिशेला वळवावी. त्यानंतर पूर्ण सामानासह तीन वेळा चढावे आणि उतरावे. जमले नाही तर सामान काढत जावे, आणि रिकाम्या गाडीलाही जमले नाही तर ती गाडी आपली नव्हे, असे समजावे.

नाडी

ही परीक्षा मला आवडली, पण आपण ती आदल्या दिवशी ताज्या अंगाने घ्यायला सांगत आहात. माझ्या रुग्णाला मी ती दुपारी चारला, उन्हात काही तास चालवून आल्यावर आणि रोजच्या गोळ्या घेतल्यानंतर घ्यायला सांगेन. गणपतीपुळ्याला निघालेला माणूस चौथ्या जेटीवर ज्या अवस्थेत पोहोचतो, तिच्या जवळ जाणारी अवस्था तीच आहे. त्या वेळी गाडी वळवता आली तर माझा विरोध मी अर्धा मागे घेईन. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांविषयीचा उरलेला अर्धा मात्र कायम राहील.